दुसऱ्या काउंटीतलं कॉलेज

माझी आई मला भोचक म्हणायची. नाशिकला आमच्या आळीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, कुणाच्या मुलीनं गाणं मध्येच का सोडलं, हे सगळं मला माहीत असायचं, आणि त्यावरून मी बोलणीही पोटभर खाल्ली आहेत. पुढे न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात मला याच गुणाचा पगार मिळायला लागला. तिथे त्या कामाला अ‍ॅडव्हायजिंग म्हणतात. समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे, त्यानं उत्तर दिलं की आणखी विचारायचे, आणि तो कुठला कोर्स मागतोय यापेक्षा तो कशासाठी आलाय ते हळूच काढून घ्यायचं. या जुलैत मी निवृत्त झाले. निरोपाचा केक कापताना आमची डीन म्हणाली, "वसुधा नेव्हर स्टॉप्ड आस्किंग." आई असती तर म्हणाली असती, बघ, तिकडच्यांच्याही लक्षात आलं.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काउंटीनं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागानं, चालवलेलं दोन वर्षांचं कॉलेज. प्रवेशाला मार्कांची अट नाही, फी मोठ्या युनिव्हर्सिटीच्या मानानं पुष्कळच कमी. हॉस्टेल नाही, फुटबॉलची टीम नाही, पार्किंग लॉट मात्र अवाढव्य. वर्गात शाळेतून नुकतं बाहेर पडलेलं पोर आणि नातवंडं असलेली बाई शेजारीशेजारी बसून एकाच प्रोग्रॅमच्या चुका शोधत असतात.

कॉम्प्युटरच्या आमच्याकडे दोन डिग्र्या. नावं इतकी सारखी की आमचेच लोक गोंधळायचे. एक पुढे युनिव्हर्सिटीत जाणाऱ्यांसाठी, तिच्यात कॅल्क्युलस आणि फिजिक्स. दुसरी दोन वर्षांनी थेट नोकरी धरणाऱ्यांसाठी, तिच्यात नेटवर्क, हेल्प डेस्क, हाताला लागणारं काम. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या. पण दुसरी घेऊन पहिलीच्या वाटेला जायचं म्हटलं, की निम्मे विषय पुढे कुणी धरत नाही. आणि लोक नेमकं तेच करतात, का, तर दुसरीत कॅल्क्युलस नाही! पहिली डिग्री मात्र पूर्ण करून गेलात तर आमच्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिट्या ती सगळीच्या सगळी धरतात आणि तुम्हाला थेट तिसऱ्या वर्षाला बसवतात. अर्धवट सोडलीत किंवा राज्याबाहेर गेलात, तर एकेका विषयासाठी घासाघीस करत बसा.

इथे यायच्या आधी मी नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते. त्यामुळे मराठी आईबाप समोर आले की मी एका वाक्यात सांगायची, "अहो, आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, तसं हे डायरेक्ट थर्ड इयर." बहुतेकांचा चेहरा लगेच सैलावायचा.

माझ्या टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "इज इट वर्थ इट?" पैसे घालवू, दोन वर्षं घालवू, पण हाती काय लागेल? मलाही ते जाणून घ्यायचंच असायचं, म्हणून जुना विद्यार्थी कुठे भेटला की मी उलट त्याला विचारायची, "काय रे, वर्थ होतं का?" हेक्टर नावाचा एक गोदामात काम करणारा मुलगा डिग्रीला एक सेमिस्टर उरलेलं असताना हेल्प डेस्कची नोकरी मिळाली म्हणून सोडून गेला. मी जीव तोडून सांगितलं होतं, थांब. काही वर्षांनी किराणा दुकानात भेटला. नोकरी उत्तम चालली होती, बायकोबरोबर खरेदीला आला होता, खुशीत होता. प्रमोशन मात्र दोनदा हुकलं होतं, डिग्री नाही म्हणून. "सो वॉज आय राइट ऑर वर यू?" त्यानं मला विचारलं. मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुण्याची दीपा तर सांख्यिकीत एम.एस्सी. असून अख्खी दोन वर्षांची डिग्री घ्यायला आली होती. नवऱ्याच्या व्हिसावर बरीच वर्षं घरी बसून तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. मी म्हटलं, "बाई गं, तुला डिग्री नकोय, दोन कोर्स हवेत." दोनच घेतले, आणि आता छान नोकरीत आहे. माझ्यामुळे कॉलेजची फी बुडाली, पण डीनला मी ते सांगायला गेले नाही.

अलीकडे प्रश्न आणखी अवघड झालाय. "आता सगळा कोड मशीनच लिहिणार, मग मुलांनी हे शिकावं की नाही?" पूर्वी मी छातीठोकपणे सांगायची. आता सांगत नाही. ठाऊकच नाही तर काय सांगणार? आमच्या टेबलावर बसून भविष्य दिसत नाही, कुठल्या विषयानंतर कुठला घ्यायचा एवढंच दिसतं.

आता गार्गीचं सांगते. नावं बदलली आहेत आणि तिला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, "लिहा काकू, पण मला स्मार्ट दाखवा." ते वेगळं दाखवायची गरज नाही.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. माझ्या ऑफिसबाहेर नावाची पाटी होती, आडनावासकट. दाराशी पावलं थांबली आणि पुरुषाचा दबका आवाज आला, "अगं, मराठी बाई दिसतेय. चल, दुसऱ्या कुणाकडे जाऊ." मी आतूनच म्हटलं, "या, बसा. खात नाही मी मराठी माणसांना." आता पळणार कुठे! आले बिचारे. महेश, मूळचे अकोल्याकडचे, आयटीत. त्यांची बायको रूपाली, नागपूरची. आणि त्यांची मुलगी गार्गी, शाळा नुकतीच संपवलेली, मोबाइलमध्ये नाक खुपसून.

मी पत्ता बघितला आणि चक्रावले. राहायला शेजारच्या काउंटीत. तिथलं कॉलेज यांच्या घरापासून जवळ. आमच्याकडे यायचं तर हायवेनं चांगलं लांब. शिवाय बाहेरच्या काउंटीतल्या मुलांना आम्ही फी बरीच जास्त लावतो.

"इकडे कशाला आलात?" मी विचारलं. "तुमच्याच काउंटीचं कॉलेज स्वस्त पडेल की तुम्हाला."

"तिकडचा कॅम्पस आम्हाला एवढा आवडला नाही," महेश म्हणाले.

"वी नेव्हर सॉ इट, बाबा," गार्गी मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली.

रूपालीनं सुस्कारा सोडला. "काय सांगू ताई, आमच्या मराठी मंडळातल्या दोघी जणी तिकडच्या ऑफिसात आहेत न. मंडळाच्या सेक्रेटरीचे भाऊ तर तिथे शिकवतात. म्हणून हे टेन्शन घेऊन राहिले."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गार्गीला टेक्सासमधल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता. जवळच प्लेनोला रूपालीची बहीण. अख्ख्या मंडळाला सांगून झालं होतं, ग्रॅज्युएशन पार्टीच्या केकवर त्या युनिव्हर्सिटीचे रंगसुद्धा होते. आणि जूनमध्ये महेशची नोकरी गेली. मग जर्सी सिटीत एक काँट्रॅक्ट मिळालं, पण त्या भरवशावर एवढं कर्ज कोण काढणार? अ‍ॅडमिशन कॅन्सल केली. मंडळात सांगितलेलं मात्र कॅन्सल केलं नाही. लोकांच्या लेखी गार्गी टेक्सासला, मावशीकडे राहून शिकत होती. आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून हे तिघे जादा फी भरायला दुसऱ्या काउंटीत आले, ते थेट माझ्या पुढ्यात.

मला हसू आवरेना, पण महेशचा चेहरा बघून गप्प बसले. नेहमीचं वाक्य टाकलं, "अहो, यात लपवायचं काय? आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर..." इतरांचा चेहरा सैलावतो तिथे यांचा आक्रसला. "ते वेगळं, मॅडम," एवढंच म्हणाले आणि सही करायला पेन मागितलं. मी त्यांना परत एकदा आपल्या काउंटीत जा म्हणून सांगितलं. ऐकलं नाही.

कॉलेज सुरू झालं. पहिल्या टेस्टनंतर महेशचा फोन, "मॅडम, गार्गीचे मार्क कसे आहेत?" इथे कॉलेजात गेलेल्या मुलांचे मार्क त्यांच्या परवानगीशिवाय आईबापांनाही सांगता येत नाहीत, कायदाच तसा आहे. भारतीय बापांना हे समजावणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात थकवणारा भाग. "फी मी भरतोय ना?" "हो." "मग?" "मग तिला विचारा." असा संवाद माझा कितीतरी बापांशी झाला असेल.

आणि मग गणपती आले. गणेश चतुर्थीच्या शनिवारी माझी ड्यूटी होती. दुपारी लॅबमध्ये डोकावले तर कोपऱ्यात एकटी गार्गी, कानाला हेडफोन.

"अगं, तू आज इथे? तुमच्याकडे गणपती असतो ना?"

तिनं हेडफोन काढले. "काकू, टुडे आय अ‍ॅम इन टेक्सास."

मला कळायला एक क्षण लागला. घरी दिवसभर माणसांची रीघ, आणि ती तर घरात असायलाच नको! म्हणून सकाळी पूजा झाल्या झाल्या रूपालीनं तिला इथे आणून सोडलं होतं. दरवर्षी मखराचे दिवे ही पोरगी करायची, छोट्या सर्किट बोर्डावर, आरती चढत जाईल तसे उजळत जाणारे. या वर्षीही तिनंच केले होते. आरतीला झांजा तिच्याच असायच्या. आईनं पाठवलेला आरतीचा व्हिडिओ ती बघत होती. "कुणालाच झांजांचा टायमिंग जमत नाहीये," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला राग आला. त्या मंडळाचा आला, महेशचा आला, आणि ‘मुलगी कुठे असते?’ हा प्रश्न मीही लोकांना सर्रास विचारत आले त्याचाही आला. डब्यात घरचे मोदक होते, ते आम्ही दोघींनी खाल्ले. दुसरं मी काय करणार होते?

पोरगी मात्र पुढे कॉलेजात अशी रमली! टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले एक आजोबा आमच्याकडे प्रोग्रॅमिंग शिकवायचे. आधी कागदावर चूक शोधा, मग मशीनला हात लावा, असा त्यांचा खाक्या. मुलं वैतागायची, गार्गीला तेच आवडायचं. दुसऱ्या सेमिस्टरला ती लॅबमध्ये इतरांना शिकवायलाही लागली. तिच्या दुप्पट वयाचे बाप्ये तिला ‘मिस गार्गी’ म्हणायचे.

मार्चमध्ये तिघंही पुन्हा माझ्यासमोर. महेशची नोकरी आता कायम झाली होती. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, ऑगस्टमध्ये तिला टेक्सासला ट्रान्सफर करायचंय. बँकेशी बोललोय, घरावर कर्ज मिळतंय. एक वर्षाचाच प्रश्न होता, निभावला. कुणाला काही कळायच्या आत तिकडे पाठवू."

म्हणजे खोटं बोलून झालं होतं, आता घर गहाण टाकून ते खरं करायचं होतं. गार्गी खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "तुला काय वाटतं गं?" "डझ इट मॅटर?" ती म्हणाली.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि एकेक विषय दाखवला. हा तिकडे धरतील, हा बहुतेक नाही, हा नक्कीच नाही. डिग्री अर्धवट सोडून राज्याबाहेर गेली तर बरंचसं पहिलं वर्ष परत करावं लागेल. इथे अजून एक वर्ष काढलं तर इथल्याच, पिस्कॅटवेच्या सरकारी युनिव्हर्सिटीत थेट तिसरं वर्ष, घरून जाऊन येऊन. शेवटी नोकरीच्या बाजारात दोन्ही वाटांनी आलेली मुलं एकाच रांगेत उभी राहतात. रूपाली पुटपुटत होती, "बघा न, मी तरी काय म्हणत होते?" महेश ऐकत होते, पण त्यांना काहीच पटत नव्हतं हे दिसत होतं. हिशेब न कळणारा माणूस नव्हता हा. मग अडतंय कुठे?

आणि माझा भोचकपणा जागा झाला. "महेश, तुम्ही स्वतः कुठे शिकलात?"

"बी.ई. केलं. पुण्यात."

"हॉस्टेलला होतात?"

"हो, सेकंड इयरपासून."

"आणि फर्स्ट इयरला?"

रूपालीनं त्यांच्याकडे बघितलं. "अहो, सांगा न! त्यात काय एवढं? डिप्लोमा केला होता यांनी आधी, अकोल्याकडे. मग डायरेक्ट सेकंड इयर."

गार्गीनं मान वळवली. पहिल्यांदा मोबाइल उलटा ठेवला. "वेट. बाबा, यू वेंट टु कम्युनिटी कॉलेज?"

महेशनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे बघून बोलायला लागले, पण सांगत होते लेकीलाच. वडील एसटीत कंडक्टर. दहावीनंतर डिप्लोमा केला की निदान नोकरी तरी लागेल, म्हणून तिकडे घातलं. मार्क उत्तम पडले, पुण्यात थेट दुसऱ्या वर्षाला जागा मिळाली. "वर्गात सगळ्यांचे ग्रुप आधीच झालेले. आम्ही मागच्या बाकावर. नावानं कुणी हाक मारायचंच नाही. ए डिप्लोमावाले! एम-थ्रीच्या गणितात गटांगळ्या खाल्ल्या तेव्हा तर विचारू नका. इंटरव्ह्यूला विचारायचे, बारावीला किती? बारावी होतीच कुठे? आजही रेझ्युमेवर डिप्लोमा लिहीत नाही मी." मग म्हणाले, "हिला कुणी मागच्या बाकावर बसवू नये, एवढंच होतं."

मी इतके महिने या माणसाला पोकळ प्रतिष्ठेचा समजत होते. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. पण समजूत घालणं मला कधी जमलं नाही, प्रश्न विचारणं तेवढं जमतं. म्हणून हेक्टरला विचारलं होतं तेच विचारलं, "मग तो डिप्लोमा वर्थ होता का?"

"प्रॅक्टिकलला वर्गात माझ्याइतका हात कुणाचा नव्हता," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. "बाकीचे सोल्डरिंग गन बघून घाबरायचे. मला काही वाटायचं नाही, तीन वर्षं तेच केलं होतं. पुढे पहिली नोकरी त्याच्यावरच लागली."

"यू कॅन सोल्डर?" गार्गी ओरडलीच. "मी यूट्यूब बघून शिकले! यू नेव्हर टोल्ड मी!" आणि तिनं त्यांना जे प्रश्न विचारायला सुरुवात केली, कुठलं सर्किट, कोण टीचर, एम-थ्री म्हणजे काय, की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून बाहेर गेले. परत आले तेव्हाही संपलं नव्हतं. काही न ठरवताच ते निघून गेले. गाडीत काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही, आणि माझ्यासारखीला ही किती अवघड गोष्ट आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. पुढच्या आठवड्यात ऑगस्टपासूनच्या कॅल्क्युलस टूच्या यादीत गार्गीचं नाव दिसलं, आमच्याच कॉलेजात.

नोकरीत असताना विद्यार्थ्यांच्या घरी जायचं नाही, हा मी पाळलेला नियम. निवृत्त झाल्यावर रूपालीचा फोन आला, "ताई, आता तर गणपतीला याच." गेले. दारात चपला-बुटांचा ढीग, आत घर माणसांनी भरलेलं, मखराचे दिवे आरतीबरोबर चढत होते, आणि झांजा गार्गीच्या हातात. टायमिंग अचूक. आरती संपली, प्रसाद फिरायला लागला, आणि मंडळातल्या एका काकूंनी भर दिवाणखान्यात विचारलं, "अय्या, गार्गी! टेक्सासहून कधी आलीस गं?"

रूपालीच्या हातात आरतीचं ताट होतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. गार्गीनं झांजा खाली ठेवल्या आणि तीही बापाकडेच बघायला लागली.

"टेक्सासला गेलीच नव्हती ती," महेश म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "इथेच, शेजारच्या काउंटीत कम्युनिटी कॉलेजला आहे. मे महिन्यात डिग्री होईल, मग पिस्कॅटवेला डायरेक्ट थर्ड इयर. मीही तसाच आलोय, डिप्लोमा करून. डायरेक्ट सेकंड इयर. बापाच्याही एक वर्ष पुढे गेली पोरगी."

काकूंचा प्रसादाचा हात तिथेच थांबला. कुणी "अरे वा" म्हणालं, कुणी नुसत्याच भुवया उंचावल्या. मग कुणीतरी मोदकांचा विषय काढला आणि गलका पूर्ववत सुरू झाला. आभाळ काही कोसळलं नाही. गार्गी बापाजवळ जाऊन उभी राहिली, नुसतीच, खांद्याला खांदा लावून.

निघताना मी गराजमध्ये चपला शोधत होते, तेव्हा एक गृहस्थ मागोमाग आले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही गार्गीच्या कॉलेजात होता असं रूपालीवहिनी म्हणाल्या. आमचा मोठा यंदा बारावीला आहे. त्याचंही असंच काहीतरी बघावं म्हणतोय. तुमचं ते कॉलेज... तिकडे आमच्या मंडळाचं कुणी येत नाही ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला. गार्गी प्रसादाचा डबा घेऊन माझ्यासाठी बाहेर आली होती.

"काका, डोन्ट," ती म्हणाली. "आपल्याच काउंटीतल्या कॉलेजात घाला त्याला. फी कमी पडते. आणि गणपतीला घरी राहता येतं."